एक बाकी

नागोराव काकांनी पाटी माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर बोट आपटलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘हे काय म्हणते?’

शेजारी त्यांचा लॅपटॉप. पडद्यावर पांढरी चौकट. अॅड ब्लॉकर काढा, नाहीतर तीन व्हिडिओंनंतर दाखवणं बंद, असं तिचं म्हणणं. व्हिडिओच्या वेबसाइटनं हे नवीन खूळ काढलं होतं. कळंबातल्या निम्म्या लॅपटॉपांत तो ब्लॉकर मीच टाकलेला. ‘नौशादच्या दुकानात या, जाहिरात विसरा,’ अशी मिजासही मारलेली.

“दादागिरी आहे यायची, काका. तीनदा पाहू देईन, मंग बंद,” मी हसत म्हणालो. हसायला नको होतं.

काका आमच्याकडचे बौद्धाचार्य. चाळीस वर्षं कुणाच्याही घरी मयत झाली की वंदना घ्यायला पांढऱ्या कपड्यांत तेच. आवाज असा, की रडणारी माणसं गप्प होऊन ऐकायची. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. त्याआधी एका पाहुण्यानं त्यांची वंदना मोबाइलवर घेऊन वेबसाइटवर टाकली होती, तेवढीच उरली. सुरुवातीला ‘कौसल्या, दार लोटून घे’ हे घरगुती बोलणंही त्यात आलंय. आता काका मयतीला लॅपटॉप नेतात, व्हिडिओ लावतात आणि स्वतःच्याच आवाजासमोर हात जोडून बसतात.

एकदा गल्लीतल्या धम्मरत्नच्या आईच्या मयतीत, ऐन वंदनेत रमीची जाहिरात किंचाळली. दोघंतिघं फिसकन हसले. काका उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दारात उभे होते. त्या दिवशी मी ब्लॉकर टाकला होता.

तर उरलेल्या तीनांतला एक मी दुकानातच उडवला, चालतं का बघायला. अक्कल बघा माझी. दुसरा मुकुटबनला, काकांच्या साडूच्या मयतीत गेला. परत आल्यावर काकांनी पाटी पुढे केली. ‘एक बाकी. ते माह्यं.’

“असं काहून म्हणता, काका?” मी विचारलं.

त्यांनी नुसते खांदे उडवले. आपल्या स्वतःच्या मयतीत वंदना कोण घेणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं आणि त्याचं उत्तर त्यांनीच शोधून ठेवलं होतं.

व्हिडिओ उतरवून घ्यायच्या खटपटी मी केल्या. दोनदा फाइल आली, दोन्ही वेळा मुकी. पाहुण्याचा नंबर बंद. माझ्या मशीनवरचे तीन केव्हाच संपले होते. ब्लॉकर काढला तर व्हिडिओ चालेल, पण मध्येच कोण किंचाळेल ते माझ्या हातात नाही.

गुरुवारी काका तपासणीला यवतमाळला गेले. दुपारी कौसल्याकाकू आल्या, लॅपटॉप पदराखाली धरून.

“नौशाद, म्या आयकलं.”

“काय आयकलं?”

“यायचा आवाज. दर खेपेले तपासणीले मले सोबत नेत होते. आज नाई नेलं. घर खायले उठलं, बापू. म्हटलं, ते ‘कौसल्या’ म्हणतात तेवढंच आयकावं. मंग बंद कराचं राहूनच गेलं.”

मी लॅपटॉप उघडला. काळा पडदा आणि मधोमध तीच चौकट. या वेळी तिच्यात आकडा नव्हता.

“संपलं काय?”

मी लॅपटॉप मिटला. काकूंनी पदर तोंडात धरला. “त्याईले नोको सांगू,” म्हणाल्या आणि लॅपटॉप तिथंच ठेवून निघून गेल्या.

संध्याकाळी काका एसटीतून उतरून सरळ दुकानात आले. बगलेत दवाखान्याचा मोठा लिफाफा होता. त्यांनी तो उघडला नाही, मीही विचारलं नाही. काउंटरवरचा लॅपटॉप पाहून थबकले. मग पिशवीतून पाटी काढून सावकाश लिहिलं. ‘एक आहे न?’

“आहे, काका.”

इतकं मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. काकांनी मिटलेल्या लॅपटॉपवर तळहात ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग बाहीनं पाटी पुसली आणि लिहिलं, ‘तुह्याजवळच ठेव. लवकरच लागीन.’

माझं वाचून होईपर्यंत काका थांबले. मग पाटी पुसून पिशवीत टाकली, आणि बगलेतला लिफाफा सावरत घराकडे निघाले.