मगरीच्या गालातली लवंग

मित्रांनो, हिशेबाला बसायचं तर जमेची बाजू आधी पाहावी. अंजनाबाईंना त्या मगरीकडून एकच गोष्ट मिळणार होती. सिनेमा संपल्यावर पडद्यावर जी नावं सरकतात, त्यांत स्वतःचं नाव. त्यांची नात ईरा हिला आजीचं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. "दादी, आपका नाम आएगा ना?" तिनं विचारलं, आणि आजी "हव" म्हणून बसल्या.

हे माझ्यासमोरच घडलं. मी एक जुना माईक आहे. रायपूरच्या पंडरी बाजारात, कापडाच्या दुकानावर, दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे, तिथला. खाली गठ्ठे आपटले की वर रेकॉर्डिंग थांबतं. नवा होतो तेव्हा मालक शेखरभैया मला मऊ फडक्यानं पुसत. साड्यांच्या सेलपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत सगळ्यांच्या थापा मी सारख्याच इमानानं पोचवल्या आणि शाबासकी मिळवली.

मग तलावातून बाहेर येणाऱ्या बोलक्या मगरीचा कार्टून सिनेमा आला. या कामात आवाज आधी, चित्र नंतर. म्हणून चित्रकार प्रफुल्लला तात्पुरता एक आवाज हवा होता. अंजनाबाई त्याच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या. बुद्धविहारात वंदना त्याच सांगत, आणि तो भारदस्त गळा त्याच्या कानात लहानपणापासून होता. "जमला तर हाच ठेवू," शेखरभैया म्हणाले. कागदावर नव्हे, चहावर.

मगर डरकाळी फोडते का, यावर एक अख्खी दुपार वाद झाला. प्रफुल्ल म्हणाला, फोडत नाही. शेखरभैयांचं म्हणणं, गप्प बसणाऱ्या मगरीला कोण भिणार? डरकाळीच ठरली. अंजनाबाईंनी ती पुन्हा पुन्हा फोडली. "काकू, मगर आहे, म्हैस नाही," प्रफुल्ल चिडवायचा. "मंग तूच ये इकडे," असं म्हणून त्या पुढची फोडत. घसा जपायला त्या डाव्या गालात लवंग धरून बोलत, त्यामुळे तोंड जरासं डावीकडे ओढलं जाई. प्रफुल्लनं मगरीचं तोंड तसंच्या तसं काढलं. माझ्या स्पंजच्या टोपीलाही लवंगेचा वास लागला.

चित्रं पुरी झाली आणि निर्मात्यांना मुंबईची एक नावाजलेली नटी मिळाली. मगरीचं बोलणं आता तिचं. प्रफुल्ल भांडला, हे तोंड काकूंच्या आवाजावर बेतलंय म्हणाला. शेखरभैयांनी समजूत घातली, "लोक नाव पाहून तिकीट काढतात, काकू. तुमच्या डरकाळ्या ठेवून राहिलो ना."

"डरकाळ्या बी तिच्याच घ्या."

"त्यांचा गळा बसला तर त्यांचे पुढचे सिनेमे अडतीन."

"अन् माह्या गळ्याले विहारात काही काम नाही काय?" अंजनाबाईंनी विचारलं. आवाज तेव्हाच चिरका झाला होता. शेखरभैया माझी वायर गुंडाळू लागले.

सिनेमा लागला. पुढचं मी प्रफुल्लच्या तोंडून ऐकलं. डरकाळी झाली की ईरा घाबरून आजीच्याच कुशीत शिरायची. शेवटी दिवे लागले, लोक उठले, आणि ती पोट्टी एकटी पडद्यावरची नावं वाचत उभी राहिली. पडदा पांढरा झाला तरी उभीच. आजीनं काही समजवायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आली.

आता स्टुडिओत नवा माईक आहे. मी कपाटात, टोपीवर धूळ घेऊन पडलोय. मित्रांनो, मला पुसू नका हवं तर. पण चित्रातला प्राणी बोलला की, ते तोंड आधी कुणाचं होतं, एवढं विचारत जा.

तर हिशेब असा. टाळ्या नटीला. गल्ला निर्मात्यांना. मगरीचं तोंड वाकडं का, म्हणून बोल प्रफुल्लला. आणि विहारात वंदना आता दुसरं कुणी सांगतं. अंजनाबाई मागच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवतात, थोडे डावीकडे.