चव्वेचाळिसाव्या वर्षी दाखवण्याचा कार्यक्रम

आईइतकं आपल्याला जगात दुसरं कुणी ओळखत नाही. आता ही ओळख ती कुणासमोर कबूल करते, हा वेगळा प्रश्न.

१९९६ साली वैजयंती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि लंडनमधली तिची चौथी नोकरी नुकतीच गेली होती. स्टॅनमोर हे ट्यूबचं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचं, शेवटचं स्टेशन. तिथे राहूनही तिचं उतरायचं राहून जायचं आणि त्याच गाडीतून ती परत वेम्बली पार्कला पोचायची. हा आळस नव्हे, एडीएचडी नावाची मेंदूचीच ठेवण असावी, असं तिनं कुठेतरी वाचलं. जीपी, म्हणजे तिचा नेहमीचा डॉक्टर, म्हणाला, ते लहान मुलांना होतं आणि मोठेपणी जातं. भांडून भांडून तिनं ते न मानणारा एक डॉक्टर लंडनमध्ये शोधला. त्याची एकच अट होती: लक्षणं लहानपणापासूनची आहेत, हे घरच्या कुणीतरी येऊन सांगायचं. नाहीतर निदान नाही.

सुदैवाने आई, यमुनाबाई, साताऱ्याहून आल्या होत्या. मुलीला जन्मभर ‘वेंधळी’ म्हणत आलेल्या बाईपेक्षा भक्कम साक्ष कोण देणार?

यमुनाबाई ठेवणीतलं इरकल नेसून, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन निघाल्या. डॉक्टरपुढे डबा उघडून त्यांनी आधी सांगितलं, की हे सगळे हिनंच केलेत. लाडू साताऱ्याहून आले होते.

लहानपणी वस्तू हरवायची का, डॉक्टरने विचारलं. नेव्हर, त्या म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी शाळेतल्या बाईंचं होतं, मोजकं आणि ठाम. एका जागी बसायची? तासन्‌तास, भरतकाम करत. अभ्यास? सांगावाच लागला नाही. डॉक्टरने पेनला टोपण लावलं. लग्न ठरवताना मुलाकडच्यांसमोर हेच, याच क्रमाने सांगून झालं होतं. तेव्हा वैजयंती खाली मान घालून बसली होती.

या वेळी नाही बसली.

“आई, खरं सांग.”

“परक्यासमोर पोटच्या पोरीला नावं ठेवू?”

“घरात जन्मभर ठेवलीस. इथे एकदाच ठेव. इथे मला त्याचा उपयोग आहे.”

“हळू बोल. ते काय म्हणतील?”

“वेडी म्हणतील. तेवढ्यासाठीच आलोय आपण.”

तिचा आवाज इतका चढला, की रिसेप्शनवरची बाई दार उघडून बघून गेली. चारचौघांत ओरडणारी मुलगी यमुनाबाईंना सोसवली नाही, आणि राग आला की त्यांचं इंग्रजी संपायचं.

“वेंधळी ती वेंधळीच. भूगोलाच्या पेपरला इतिहास वाचून गेलीस. दप्तरं एसटीत सोडलीस. भटजी अंतरपाट धरून उभे, आणि नवरी कुठाय? तर मागच्या अंगणात मांजराची पिल्लं बघतेय. भर मांडवात मान खाली घालायला लावलीस.”

आई काय म्हणताहेत, डॉक्टरने अदबीने विचारलं.

वैजयंतीने भाषांतर केलं. पेपर, दप्तरं, पिल्लं, सगळं, दात आवळून, शुद्ध इंग्रजीत. ‘वेंधळी’ला तिला शब्द सापडेना, तेव्हा डॉक्टरने पेनचं टोपण काढून स्वतःच सुचवला: इनअटेन्टिव्ह.

निदान झालं. जिना उतरताना वैजयंती आईच्या चार पायऱ्या पुढे होती. आजवर मागितलेल्या सगळ्या माफ्या तिला परत हव्या होत्या.

ट्यूबमध्ये शेवटी यमुनाबाईंनीच विचारलं, “याला औषध आहे का काही?”

औषध होतं. डॉक्टर म्हणाला होता, ते फक्त लहान मुलांना देतात.