बसला का, मामा?

इन्सर्ट नुसत्या बोटांनी वर आला तेव्हा त्रिंबकला वाटलं, आपण चुकून दुसराच धरला. त्यानं चष्मा वर सरकवला आणि पुन्हा पाहिलं. तोच होता. टेस्टरच्या चौकटीतला डावीकडून तिसरा, काळा, बोटाएवढा, पोटात सोनेरी पिनांच्या रांगा. उजव्या हातातलं काढायचं हत्यार तसंच हवेत राहिलं होतं. त्या हत्याराला युनिटमधल्या पोरी खेकडा म्हणत. खेकड्याचे दोन दात दोन्ही बाजूंच्या फटींत घालायचे, आतले खटके दाबायचे आणि मग नाकासमोर सरळ वर ओढायचं, अशी इन्सर्ट काढायची रीत. खटके न दाबता, नीट बसलेला इन्सर्ट बैल जुंपला तरी हलत नाही. आणि हा हलत्या दातासारखा अलगद निघून आला होता.

म्हणजे तो कधी बसलाच नव्हता.

"काय झालं, मामा?" अंजनानं विचारलं. ती उजव्या बाजूला उभी होती म्हणून त्याला ऐकू आलं. नवी पोर. मोठ्या कार्डावर तिला याच आठवड्यात बसवलं होतं आणि सकाळपासून तिची निम्मी कार्डं नापास होत होती. बिचारीचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काही न्हाई," त्रिंबक म्हणाला. "झिजलाय. बदलतो."

बीडच्या एमआयडीसीतलं हे छोटंसं युनिट. पुण्याच्या एका कंपनीसाठी इथं मोबाइल टॉवरच्या पेटीत बसणारी कार्डं तयार होत. पोरी सोल्डरिंग करत आणि तयार कार्ड टेस्टरवर दाबून तपासलं जाई. हिरवा दिवा लागला की पास, लाल लागला की नापास. कार्ड जिथं टेकतं तिथं हे इन्सर्ट. कार्डं दाबून दाबून ते झिजतात, मग जुना काढायचा, नवा बसवायचा. ते काम त्रिंबकचं. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे. इन्सर्ट पुरता खाली गेला की आतला खटका 'टिक' वाजतो. आवाज तो केवढा, कुणी शेजारी खाकरलं तरी बुडेल. पण तो वाजला नाही तर इन्सर्ट केसभर वर राहतो. हळू चालणारे सिग्नल तरीही जातात, मशीनला पत्ता लागत नाही. वेगाचे मात्र मध्येच फाटतात. आणि वेगाची तपासणी फक्त मोठ्या कार्डाची व्हायची.

आणि हा तिसरा इन्सर्ट बसवला त्या वेळी मोठं कार्ड एकटी धनश्री करायची, अंजनाच्या आधीची पोर.

त्रिंबकनं नवा इन्सर्ट पाकिटातून काढला, खाचा जुळवल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला.

"बसला का, मामा?" अंजनानं विचारलं. हा प्रश्न युनिटमध्ये प्रत्येक वेळी कुणीतरी विचारायचंच आणि त्रिंबक ऐटीत "बसला" म्हणायचा. आज त्याच्या तोंडून ते निघेना. त्यानं कडेवरून नख फिरवलं. सपाट लागलं. तरी त्यानं विचारलं, "तुला काय ऐकू आलं का गं?"

"आलं की. टिक झालं."

तिनं सकाळचं नापास कार्ड पुन्हा दाबलं. हिरवा. दुसरं दाबलं. हिरवा. ती हसायला लागली. तेवढ्यात मालक मोहनराव आले, त्यांनी ओळीनं लागणारा हिरवा दिवा पाहिला आणि खुशीत म्हणाले, "बगा, हात असावा तर असा. न्हाईतर ती मागची."

ती मागची म्हणजे धनश्री. त्रिंबकनं मान खाली घातली आणि जुना इन्सर्ट खिशात टाकला.

धनश्री वडवणीची. वडील लहानपणीच गेलेले, सख्खा मामा होता पण तो मानपानावरून रुसून बसलेला. लग्न ठरलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "मला मामा हायेत. टेस्टरवर बसतेत." युनिटमधल्या सगळ्या पोरी त्रिंबकला मामा म्हणत, पण म्हणणं वेगळं आणि बोहल्याजवळ उभं राहणं वेगळं. त्रिंबकनं नवा फेटा बांधला, तिचा हात धरून तिला बोहल्यावर आणलं, आणि पोटची पोर नसलेल्या त्या माणसाचे डोळे सगळ्या मांडवादेखत भरून आले.

आदल्या दिवशी हळद होती. नवरदेवाच्या मित्रांनी डीजे आणला होता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतच्या भिंत रचलेला. पत्रे थरथरत होते, म्हाताऱ्या कानात पदर कोंबून बसल्या होत्या. त्रिंबक लांब बाजेवर बसला होता. धनश्री हळदीच्या अंगानं उठून आली आणि तिनं त्याला हाताला धरून ओढलं. "नाचा की मामा! माझ्या लग्नात न्हाई तर कवा नाचनार?" मग काय, उभ्या जन्मात न नाचलेला त्रिंबक त्या भिंतीसमोर घामाघूम होईस्तोवर नाचला.

सोमवारी कामावर आला तो कानात रातकिडा घेऊन. दोन्ही कानांत किर्र आवाज, बाकीचं जग गोधडीखाली दडपल्यासारखं. त्याच दिवशी तिसरा इन्सर्ट बदलायचा होता. त्यानं दाबला. टिक ऐकू आली नाही. पण त्या दिवशी त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. चहावाला मागून ओरडला तेही नाही. इन्सर्ट बसला असेल, आपला कान बसलाय, असं त्यानं मनाशी म्हटलं. कुणीतरी विचारलं, "बसला का, मामा?" आणि हा सवयीनं म्हणाला, "बसला."

उजव्या कानातला रातकिडा चार दिवसांनी गेला. डाव्यातल्यानं तिथंच बिऱ्हाड केलं. त्रिंबकनं हे घरी सांगितलं नाही, युनिटमध्ये तर नाहीच. टेस्टरवरच्या माणसाला टिक ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला ठेवायचं कशाला? लोक आपल्या उजव्या अंगाला येतील असा तो बसायला लागला आणि ऐकू आलं नाही की "हो हो" म्हणायला शिकला. इन्सर्टच्या कडेवरून नख फिरवायची सवयही त्यानं तेव्हापासूनच लावून घेतली, पण ती पुढच्या इन्सर्टांना. तिसऱ्यावर त्यानं नख फिरवलं नाही.

लग्नानंतर धनश्री सासरहून, नेकनूरहून एसटीनं यायला लागली. सासू सुभद्राबाईला सुनेची नोकरी फारशी पसंत नव्हती, पण बरं काम आहे म्हणून पाठवत होती. आणि आल्या आठवड्यापासून तिची कार्डं नापास व्हायला लागली. पोरींनी चेष्टा केली, नव्या नवरीचं लक्ष घड्याळात. धनश्रीनं चेष्टा सोसली, पण एकदा ती कार्ड घेऊन थेट त्रिंबकपाशी आली.

"मामा, ह्येच कार्ड सकाळी पास झालतं. आता नापास दाखवायलंय. इन्सर्ट काढून बगा ना एकदा."

काढून बघायला कितीसा वेळ लागला असता? चहाचा कप संपायच्या आत झालं असतं. पण मोहनराव तिथंच उभे होते. ते हसून म्हणाले, "नाचता येईना अंगन वाकडं. काय मामा, मशीन ठीक हाय ना?"

त्रिंबकच्या मनात पाल चुकचुकली होती. चुकचुकली नव्हती असं तो आता स्वतःलाही सांगू शकत नव्हता. पण काढून बघायचं म्हणजे बसवताना ऐकू आलं नव्हतं हे कबूल करायचं. तो म्हणाला, "बसलाय. मीच बसवलाय. मशीन खोटं बोलत न्हाई."

धनश्रीनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. मामाच असं म्हटल्यावर ती कुणाकडे जाणार? महिनाअखेरीला मोहनरावांनी तिच्या नवऱ्याला फोन केला, लग्नानंतर हिचा हात बिघडलाय, घरीच राहू द्या. मोठ्या कार्डाचं काम बंद पडलं ते आता अंजना येईपर्यंत.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्रिंबक डबा न उघडता स्टोअरमध्ये गेला. कोपऱ्यात लाल ट्रेमध्ये धनश्रीची नापास कार्डं धूळ खात पडली होती, प्रत्येकावर लाल चिकटपट्टी. त्यानं ती पुसून एकेक टेस्टरवर दाबली. हिरवा. हिरवा. हिरवा. एकही लाल लागेना. एखादा तरी लागावा असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचीच त्याला लाज वाटली. शेवटचं कार्ड हातात धरून तो स्टुलावर बसून राहिला. अंगण खरंच वाकडं होतं आणि ते यानंच वाकडं केलं होतं.

मोहनरावांच्या केबिनमध्ये जाऊन त्यानं सगळं सांगितलं. कानाचंही. मोहनराव काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी पंखा बंद केला, त्याला नीट ऐकू यावं म्हणून उठून जवळ आले.

"झालं ते झालं, मामा. पुण्याला कळलं की टेस्टरच ढिला होता, तर सगळा माल फिरून तपासायला लावतेल. युनिट बंद पडंल. अन् त्या अंजनाला काय सांगू, उद्यापसून येऊ नको म्हनून?"

"निदान धनश्रीला फोन तरी करा, साहेब."

"तुमी जावा. तिचे मामा हाव तुमी." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "अन् कानाचं कुनाला बोलू नका. मी बी न्हाई बोलत."

त्रिंबकला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच किळस आली.

रविवारी तो नेकनूरला उतरला. अंगणात लिंबाखाली सुभद्राबाई जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसली होती. तिनं पदर सावरला आणि आत हाक मारली, "धनश्री, तुजे मामा आले बग." धनश्री पाण्याचा तांब्या घेऊन धावतच आली. वाळली होती, पण चेहरा उजळला. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्रिंबकनं पाय मागे ओढले.

"कावून मामा? लग्नात तर हौसंनं करून घेतलात," ती हसली.

सुभद्राबाईनं सुई डोळ्यांसमोर धरली, दोरा थुंकी लावून टोकदार केला, दोनदा चुकली आणि सुई गोधडीत खुपसून ठेवली. "बगा मामा, मला दिसत न्हाई अन् हिचा हात हलतो. सुई ओवायला गल्लीतल्या पोरी बोलवाव्या लागत्यात. कारखान्यातून बी त्याच्यापायीच काढली म्हनं."

"हात हलतो?" त्रिंबकनं धनश्रीकडे पाहिलं.

"हलत असंल, मामा," ती सहज म्हणाली. "मला तर दिसत न्हाई. पर मशीन काय खोटं बोलनार हाय व्हय? तवापसून मी बारीक कामाला हातच लावत न्हाई. मेंदी काढायची सोडली. उगं कुनाचा हात बिघडवायचा."

नोकरी गेली एवढंच ओझं घेऊन तो आला होता. या पोरीनं आपला हातच टाकून दिलाय, हे त्याला कुठं माहीत होतं? बोलायचं म्हणून त्यानं एसटीत वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. त्यानं खिशातून जुना इन्सर्ट आणि लाल पट्टीचं कार्ड काढून गोधडीवर ठेवलं.

"हिचा हात हलत न्हाई, बाई," तो सुभद्राबाईला म्हणाला. "कवाच हलत नव्हता. ह्यो मी बसवला तवा बसलाच न्हाई. हळदीला नाचलो, कान गेले. टिक ऐकू आली न्हाई. ही म्हनली हुती, काढून बगा. मला शंका आलती. तरी मी बसलाय म्हनलो. सगळ्यांसमोर. तुमच्या सुनंची सगळी कार्डं चांगली हायेत, मी परवा सोता तपासली. डावा कान अजून बंदच हाय माजा. ह्ये सगळं मी लपवलं, अन् भोगलं हिनं."

सुभद्राबाईचा हात तोंडाशी गेला. धनश्री हळूच म्हणाली, "मीच ओढलतं तुमाला नाचायला."

"न्हाई पोरी," त्रिंबक जवळजवळ ओरडला. "ते अंगावर घिऊ नको. नाचल्यानं कान गेला. खोटं मी बोललो."

"शंका आलती म्हनता," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज कापत होता. "मग कावून, मामा? दुसरं कुनी असतं तर मी भांडले असते. तुमी म्हनलात म्हनून मी गप बसले. तुमी म्हनलात म्हनून मला खरं वाटलं."



धनश्रीनं उजवा हात समोर धरला, बोटं पसरून. ती हाताकडे अशी पाहत होती की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. हात हलत नव्हता. सुभद्राबाईनं गोधडीतली सुई उपसली आणि दोऱ्यासकट तिच्यापुढे धरली. धनश्रीनं ती घेतली. दोरा पहिल्या झटक्यात पार गेला. सासूनं ओवलेली सुई पाहिली, सुनेकडे पाहिलं, आणि दुसरीही सुई पुढे केली. "ही बी ओव," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत चहा टाकायला स्वतःच उठून आत गेली.

त्रिंबकनं चहा घेतला. तो कडू होता की गोड, हे त्याला सांगता आलं नसतं. परत कामावर ये, असं तो म्हणू शकत नव्हता. तिच्या जागेवर अंजना होती, आणि तीही कुणाची तरी पोर होती. नव्या इन्सर्टची टिक त्या अंजनानंच ऐकली, एवढं मात्र त्यानं धनश्रीला सांगितलं. तो उठला, चपला घातल्या, "येतो" म्हणाला आणि फाटकाकडे वळला.

मागून धनश्री काहीतरी बोलली. डाव्या बाजूनं. त्याला फक्त किर्र ऐकू आलं. सवयीनं त्याची मान हलायला लागली, ओठांवर "हो हो" येऊनही पोचलं. तो थांबला. मागे वळला.

"ऐकू आलं न्हाई मला," तो म्हणाला. "परत म्हन."

धनश्री अंगण ओलांडून फाटकापाशी आली आणि त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"म्हनलं, हितून पुढं इन्सर्ट अंजनाला बसवू द्या, मामा. तिला ऐकू येतंय."

एकूण एक शब्द ऐकू आला. त्रिंबकनं खिशातला खेकडा चाचपला. निघताना तो सवयीनं खिशात राहिला होता. इतक्या वर्षांत तो दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "उद्याच देतो तिला."