भिंतीवरची वेळ

वाचनालयातल्या घड्याळाखाली लाकडी स्टूल. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.

प्रयोगशाळेच्या इमारतीत लॉगइन होतं.

बाबा डबा उघडण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात.

वाचनालयात लॉगइन होत नाही.

"संध्याकाळपर्यंत बघ. नाहीतर जुनं नेटवर्क परत लावू. तुला कायम करायचं की नाही, तेही मग बघू," संगणक विभागाचे साहेब म्हणाले होते.

तिने वाचनालयातल्या टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. केबल नीट होती. रविवारी दोन्ही इमारतींचं नेटवर्क तिनेच वेगळं केलं होतं. दोन नेटवर्कांच्या मधल्या दारातून, फायरवॉलमधून, काय जाऊ द्यायचं, याचे नियमही तिचेच. पासवर्ड मुख्य सर्व्हरपर्यंत पोहोचत होते. तो त्यांना परत पाठवत होता.

"ग्रंथपालांच्या मुलीने घातलेला घोळ," ताटकळलेले एक प्राध्यापक म्हणाले. "आता ग्रंथपालांनीच निस्तरावा."

"निस्तरेल ती," बाबा पुस्तकावर शिक्का मारत म्हणाले. "घरचा मिक्सर उघडला तेव्हा एक स्क्रू उरला होता, तेवढं सोडलं तर..."

"बाबा."

"चालतोय अजून मिक्सर."

ती उत्तर द्यायला वळली आणि थांबली. पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ बघितली, मग आपला फोन. संगणक दहा मिनिटं पुढे होता. शेजारचाही. त्याच्या शेजारचाही. वेळेत इतका फरक असलेल्या यंत्राला सर्व्हर दारातही उभं करत नाही, पासवर्ड कितीही बरोबर असो.

"बाबा, यांची वेळ कुणी बदलली?"

"मी. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवली. कधीपासून लावतोय, पण लावली की आपोआप मागे जायची." त्यांचा आवाज कौतुकाने खाली आला. "सोमवारी लावली ती टिकली. मला वाटलं, तूच दुरुस्त केलंस."

तिने डोळे मिटून कपाळ चोळलं. सर्व्हरची वेळ या इमारतीत येऊ द्यायची, हा नियम लिहायचाच राहिला होता. तिने ती एक ओळ लिहिली. संगणक एकेक करून मागे आले. प्राध्यापक आत गेले, मेल वाचू लागले, आणि आभार मानायचे विसरले.

साहेबांचा फोन आला.

"काय होतं?"

बाबा शाईच्या पॅडचं झाकण उघडत होते, मिटत होते.

"वेळेचा नियम राहून गेला होता. माझ्याकडून."

"एवढंच?"

"एवढंच."

"ठीक आहे. नवीन नेटवर्कच राहू दे. उद्या येऊन भेट."

तिने फोन ठेवला. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे हनुवटीने खूण केली.

"तेही मागे करू का गं?"

ती वर बघत राहिली.

"त्याला कुठे लॉगइन करायचंय," ती म्हणाली, आणि केबल गुंडाळू लागली.

तिने ते घड्याळ पहिल्यांदा पुढे केलं तेव्हा ती दुसरीत होती. बाबा लवकर घरी यावेत म्हणून. स्टूल बाबांनीच धरलं होतं.