येळवशीची गोळी

नागूबाईंच्या घरात सुनेची पाळी कधी यावी, हे पंचांग ठरवत असे. लक्ष्म्या बसायच्या आधी गोळी, घटाला गोळी, नणंदेच्या लेकराच्या जावळाला गोळी. मोनिकाचा नवरा भागवत ती मुरुम गावच्या मेडिकलातून काळ्या पिशवीत आणी. मेडिकलवाला डॉक्टरची चिठ्ठी मागत नसे, "कोणता सण?" एवढंच विचारी. लग्नापासून मोनिका मुकाट्यानं गिळत आली होती. सासरी गिळायच्या गोष्टींत गोळी तशी लहानच.

दिवाळीनंतर नागूबाईंच्या ध्यानात आलं, की सुनेची पाळी ठिकाणावर नाही. कधी पंधरवड्यातच हजर, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही.

"माझी तारीख कधी हालली न्हाय," त्या म्हणाल्या. "हिच्या अंगातच खोट हाय. लेकरू कुठनं व्हायचं?"

भागवतनं मान डोलावली. या विषयात त्याचं योगदान तेवढंच होतं.

खोट दाखवायला तिघं उमरग्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"चालू काय न्हाय. आमी फक्त सणावाराला देतो," म्हणत नागूबाईंनी अभिमानानं सगळे सण मोजून दाखवले.

"अहो, तुम्हीच दर सणाला पाळी पुढं ढकलता आणि वर म्हणता वेळेवर येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन पाळ्यांत एकवीस ते पस्तीस दिवसांचं अंतर चालतं. एखाद्या महिन्यात थोडं मागंपुढं झालं तरी ते नॉर्मलच. गोळ्या बंद करा. तीन महिन्यांत घडी बसली नाही, तर या, तपासण्या करू. रक्त फार जायला लागलं तर मात्र लगेच या."

"नवीन दिसती डॉक्टरीण," नागूबाई एसटीत म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंचे केस पांढरे होते.

मग येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, जवळ आली. या अमावस्येला गावात कुत्रीसुद्धा उरत नाहीत. सगळे शेतात, कडबा उभा करून केलेल्या कोपीपाशी, पाच पांडव पुजून पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील जेवायला. आंबिलीचं मडकं सुनेच्या डोक्यावर. पाळी आलेली बाई मात्र घरी, कारण तिच्या सावलीनं आंबील नासते.

नागूबाईंनी चहाच्या बशीत गोळी ठेवली. "एवढी येळवस होऊ दे."

"न्हाय, आत्या."

"न्हाय म्हंजी?"

"म्हंजी गिळणार न्हाय. माझ्या अंगात खोट म्हणलात. ती ह्या गोळीत निघाली. ठेवा तुमची तुमाला."

"आन् पाळी आली तर?"

"आली तर आली. मडकं मीच उचलणार."

नागूबाईंनी लेकाकडं पाहिलं. लेकानं मान डोलावली. कुणाच्या बाजूनं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

नेमकी येळवशीच्या सकाळीच आली. मोनिका न्हाली, ठेवणीतली साडी नेसली, "आत्या, आली बरं का," म्हणाली आणि मडकं डोक्यावर घेऊन चालू पडली. नागूबाई मागं धावल्या. पंचाईत अशी, की ओरडावं तर गावाला कळणार. तेव्हा त्या शेतापर्यंत सुनेच्या कानाशी लागून "ठेव खाली, ठेव म्हणते" असं कुजबुजत गेल्या. वाटेतल्या बाया म्हणाल्या, सासू-सुनेचं काय गूळपीठ आहे!

सासरे लिंबाजी यांनी पांडवांना आंबील वाहिली, मग स्वतः प्याले आणि दुसरा तांब्या मागितला. "औंदा आंबील झ्याक झालीया!" आंबील आंबट लागत होती. ती आंबटच असते.

शेजारच्या शेतातल्या तुळजाबाई सुनेला घेऊन आल्या. मोनिकाच्या मडक्यातली आंबील अर्धा पेला पिऊन त्यांनी सहज विचारलं, "नागूबाई, तुमच्या सुनंला कोणती गोळी देता? आमच्या शिवांजलीला लई मळमळतंय बघा."

नागूबाईंनी तोंड उघडलं. पण बोलली मोनिका.

"कोणतीच न्हाय, काकू. पाळी आलीया मला. आजच."

लिंबाजींचा तांब्या ओठापाशी थबकला. नागूबाई कोपीच्या कडब्याकडं बघू लागल्या. तुळजाबाईंनी हातातला पेला पाहिला, मग मडकं, मग पोटावर हात ठेवला. पोटात काही होत नव्हतं, ही खरी अडचण होती.

त्यांच्या मागून शिवांजली पुढं झाली. सकाळची गोळी तिच्या तोंडावर अजून दिसत होती. सासूकडं न बघता तिनं आपला पेला पुढं धरला.

"मला बी वता, वैनी."

मोनिकानं काठोकाठ ओतली.