सागवान आणि प्लाय

आमचे बाबा सुतार. सख्ख्या मुलाला ते सागवान म्हणायचे आणि आईबरोबर या घरात आलेल्या मला प्लाय. गिऱ्हाईक दारासाठी लाकूड निवडायला आलं, की आम्हा दोघांना शेजारी उभं करून सांगायचे, "हे अस्सल. हे सरसाने चिकटवलेलं, पाणी लागलं की फुगतं." गिऱ्हाईक पोट धरून हसायचं.

बाबांना लकवा झाला आणि सागवान बायकोला घेऊन वेगळं झालं. चमच्याने भरवायला उरलो मी.

आज दुपारी त्यांचे कोरडे ओठ कसेबसे हलले. "पाणी दे रे, बाळा."

जन्मात पहिल्यांदा बाळा म्हणाले. भरलेला तांब्या खाटेपासून चार पावलांवर होता.

"प्लायने पाण्याला हात लावू नये, बाबा," मी म्हणालो आणि रंध्याच्या पात्याला धार लावत बसलो.