जर्नेलच्या काळजातले जंत

मी जर्नेल बोलतोय. भुंकायला मला डॉक्टरीणबाईंनी बंदी घातलीय, पळायलाही घातलीय, म्हणून निदान बोलून तरी घेतो. आणि आधीच सांगून ठेवतो, गोड बोलणार नाही. कुत्रा म्हटलं की इमानदारीच्या गोष्टी ऐकायची तुम्हाला सवय झालीय. त्या दुसरीकडे ऐका. मला राग आलाय आणि तो तुमच्यावरच आलाय.

जन्म माझा कवठे महांकाळकडच्या माळावरचा. धोंडुबाई नावाच्या धनगर म्हातारीची दीडशे मेंढरं, दोन घोडी आणि माझी आई, एवढा तो संसार. तिकडं पाणी औषधालाही मिळायचं नाही, त्यामुळे डासही नव्हते. ते केवढं सुख होतं हे मला तेव्हा कुठं माहीत! दर साली दिवाळी झाली की धोंडुबाई कळप घेऊन कडेगावकडं यायची. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, म्हणजे रानाला खत आणि मेंढरांना चारा. तशा एका रानात त्या रानाच्या मालकाची नजर माझ्यावर पडली. मी चार महिन्यांचा होतो. पाय नुसते लांब, आणि अंगात रग म्हणाल तर विचारू नका.

"धोंडुबाई, ह्ये काळं मला द्या," मालक म्हणाला.

"आमी कुत्री इकत न्हाई. दिती," म्हातारी म्हणाली. "पर एक हाय, आमच्यात कुत्र्याला घातल्याबिगर आमी जेवत न्हाई. तुमाला जमत असंल तर न्या."

मालकानं मान डोलावली. माणसांना मान डोलवायला काय जातंय!

हा मालक म्हणजे आकाराम. पलटणीतून हवालदार होऊन परत आलेला गडी. साठी उलटली तरी सूर्य उगवायच्या आत बुटाच्या नाड्या बांधून तयार. उभी नोकरी साहेबांना सलाम ठोकण्यात गेली, तेव्हा एक तरी जर्नेल आपल्या हुकमात असावा म्हणून त्यानं माझं हे नाव ठेवलं. "जर्नेल, बैठ!" म्हटलं की मी बसायचो आणि म्हातारा मिशीतल्या मिशीत हसायचा. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं.

आता मला बांधायचे कुठं ते ऐका. घरामागं पाट, पाटाला लागून ऊस. गोठ्यापुढं सिमेंटची उघडी टाकी आणि तिच्या अंगाला मोरीच्या पाण्याचं हे एवढं डबकं. तिन्हीसांज झाली की डासांचे ढगच्या ढग उठायचे. आकारामची बायको बनुबाई मग गोठ्यात लिंबाच्या पाल्याची धुरी करायची. जर्सी गाय दुधाची, नाजूक, म्हणून गोठ्याला चहूबाजूंनी निळी मच्छरदाणी. तिच्या कडा बनुबाई रोज दगड ठेवून दाबायची, एखादं लेकरू निजवावं तशी. घरातली माणसं मच्छरदाणीत, गाय मच्छरदाणीत, दोन शेळ्या मच्छरदाणीत. आणि जर्नेलसाहेब? टाकी आणि डबकं यांच्या मधोमध, खुंटीला.

नाक, कानाच्या कडा, पोट, जिथं केस विरळ तिथं डास बसायचे. मी रात्रभर कान झाडायचो. "लय कान वाजिवतंय, झोप लागू दिना," असं सकाळी बनुबाई म्हणायची. एकदा सरकारी माणसं लस टोचायला आली. गाई झाल्या, म्हशी झाल्या, शेळ्यासुद्धा झाल्या. मीही शेपूट हलवत रांगेत जाऊन उभा राहिलो. "ह्ये काय दावणीचं जनावर हाय व्हय?" म्हणत आकारामनं मला पायानं बाजूला सारलं. सगळे हसले. मीही जीभ काढून हसलो, गाढव मी.

पण पळण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आकाराम गावातल्या पोरांना फौजेच्या भरतीसाठी तयार करायचा. रोज सकाळी पाटाच्या रस्त्यानं पाच किलोमीटर पळवायचा आणि पुढं मला सोडायचा. "जर्नेलच्या फुडं जाईल त्यो भरती झाला म्हनून समजा," असं तो पोरांना सांगायचा. दोन वर्षं एकही पोरगं माझ्या पुढं गेलं नाही. तरी भरती झाली बरीच, ती गोष्ट वेगळी.

तिसऱ्या वर्षी मला खोकला लागला. कोरडा, ढास लागल्यासारखा. बनुबाई म्हणाली, हाडूक अडकलं असंल. तिनं हळद-गूळ चारला, घशात बोट घालून बघितलं. घशात काय असणार? त्याच पावसाळ्यात घरातली चिमी मांजर चुलीपाशी बसल्या जागी दोनदा धापली आणि आडवी होऊन मेली. बनुबाईनं पदर खोचला, शेजारच्या हरणाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माज्या मांजराला तूच इख घातलंस, तुला पचायचं न्हाई." हरणाबाई रडून सांगत होती की मी काही केलं नाही. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं.

माझा खोकला वाढला. चढ आला की छातीत घोडं उधळल्यासारखं व्हायचं. एक दिवस एक पोरगं माझ्या पुढं गेलं. मग दुसरं, मग सगळीच. पोरं हसायला लागली, "हवालदार, तुमचा जर्नेल रिटायर झाला की वं!" आकारामचं तोंड लाल झालं. फौजेत कामचुकार शिपायाला पळवून पळवून त्याचा घाम काढतात, त्याला रगडा म्हणतात. म्हातारा मला म्हणाला, "बसून खाऊन माजलास. आता तुला रगडा."

दवाखाना नाही, कुणाला विचारणं नाही, थेट रगडा! सकाळी पाच किलोमीटर, संध्याकाळी परत पाच. आणि मी पळालो हो! छाती फुटायला आली तरी पळालो, कारण तो मागून "शाब्बास जर्नेल" म्हणायचा. माझी ती चूक मी अजून स्वतःला माफ केलेली नाही. चौथ्या दिवशी पाटाच्या दारापाशी डोळ्यांपुढं अंधार आला आणि मी कोसळलो. आकारामनं तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला आणि पोरांना म्हणाला, "ऊन लागलं." दिवाळीच्या थंडीत ऊन!

त्याच आठवड्यात धोंडुबाईचा कळप रानात उतरला. तिनं लांबूनच हाक मारली, "काळ्याऽ!" मी उठलो, दहा पावलं गेलो आणि खाली बसलो. म्हातारी धावत आली. तिनं माझ्या बरगड्यांवरून हात फिरवला, मग मेंढराला लावतात तसा माझ्या छातीला कान लावला.

"आवं हवालदार, ह्येच्या आत कायतरी घुसळतंय."

"आळशी झालंय त्ये," आकाराम म्हणाला. "रगडा चालू केलाय, हुईल सरळ."

धोंडुबाई उभी राहिली. कमरेत वाकलेली बाई, पण त्या वेळी मला ती आकारामपेक्षा उंच वाटली. "आळशी मानूस असतंय, हवालदार. कुत्रं आजारी असतंय. आमी अडानी, तरी पावसाळ्याच्या तोंडाला एकेका मेंढराचं तोंड धरून जंताचं औशीद पाजतो. तुमी मुलूख फिरलेली मानसं. ह्येला एकदा तरी काय पाजलं का?"

दुपारी आकारामनं मला टेम्पोत घातलं.

जनावरांच्या दवाखान्यात प्रियदर्शनी नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझ्या पायातून रक्त काढलं, काचपट्टीवर एक थेंब ठेवला, सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि आकारामला म्हणाल्या, "काका, बघा तुम्हीच."

म्हातारा वाकला. "ह्ये काय वळवळतंय, दोऱ्यावानी?"

"ही जंतांची पिल्लं. यांचे आईबाप याच्या काळजात आणि फुफ्फुसाच्या नळीत बसलेत. शेवयांसारखे, वीतभर लांब." मग त्यांनी सोनोग्राफीत तेही दाखवलं. माझ्या काळजात गुंता झाला होता, गुंता!

"आलं कुठनं ह्ये?"

"डासातून. आजारी कुत्र्याला चावलेला डास याला चावला की हे आत जातात. सहा-सात महिन्यांत मोठे होतात. दर महिन्याला एक गोळी दिली असती, तर झालंच नसतं. याला पळवत होता का?"

आकारामनं आपल्या बुटांकडं बघितलं. "रगडा देत हुतो," तो हळूच म्हणाला.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काका, या काळजाला आरामात रक्त ढकलणंही जड जातंय. याच्या जागी माणूस असता तर त्याला खाटेवरून उतरू दिलं नसतं."

बनुबाई सोबत होती. तिनं पदराशी चाळा करत विचारलं, "बाई, मांजरालाबी व्हतंय का ह्ये?"

"होतं. मांजरात एखाददुसराच किडा असतो, पण तेवढ्यानंही उभ्या उभ्या जीव जातो. तुमच्या मांजराचं काय झालं, ते आता मला सांगता यायचं नाही."

परत आल्यावर बनुबाई हरणाबाईच्या दारात गेली का? नाही. अजून गेलेली नाही. चूक झाली हे कळायला माणसाला एक दिवस लागतो आणि चार पावलं चालायला वर्ष पुरत नाही.

बाईंनी सांगितलेलं आकारामनं दोनदा विचारून घेतलं. किडे एकदम मारायचं इंजेक्शन इकडं मिळणं अवघड. गोळ्यांनी हळूहळू मारायचे, वर्षभर तरी लागणार. मेलेल्या किड्यांचे तुकडे फुफ्फुसात अडकतात. त्या काळात मी पळालो, उड्या मारल्या, भुंकून दमलो, तर जागच्या जागी खलास. जगेन की नाही याची हमी बाईंनी दिली नाही.

घरी आल्यावर म्हाताऱ्यानं काय करावं? दुसऱ्या दिवशी मला घेऊन धोंडुबाईकडं गेला. "ह्येला माळावर परत न्या आनि मला दुसरं पिल्लू द्या. पळायचंच न्हाई म्हनत्यात, मग ह्येचं करू काय?"

मी तिथंच बसलो होतो, त्याच्या पायाशी. माझ्या देखत बोलला तो हे.

"चालवत न्हेला तर वाटंतच मरंल त्यो," धोंडुबाई म्हणाली. "आन दुसरं कशाला पायजे? त्याच डबक्याकडंला बांदाय? न्हाई देत. तुमच्या रानात मेंढरं बसवू नका म्हना, आमी दुसरीकडं जातो. पर पिल्लू न्हाई देत. आदी ह्यो जगवा."

आकारामची मिशी थरथरली. पलटणीत त्याला असं कुणी बोललं असेल असं वाटत नाही. तो वळला आणि मला दोन्ही हातांवर उचलून घरापर्यंत आला, वाटेत एकदाही खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रॉलीभर मुरूम टाकून डबकं बुजवलं. टाकीवर पत्रा घातला. मोरीच्या पाण्याला चर काढून ते नारळाच्या बुंध्याला सोडलं. खुंटी उपटली आणि मला मच्छरदाणीत, जर्सीच्या शेजारी पोतं अंथरून दिलं. जर्सीला ते आवडलं नाही, पण तिला कोण विचारतो. हे सगळं जेवणवेळेच्या आत झालं.

जेवणवेळेच्या आत! ऐकलंत का? तीन वर्षं मी त्या डबक्यापाशी कान झाडत बसलो, आणि काम होतं एका सकाळचं. माझ्या डोक्यात राग का आहे म्हणून विचारता? त्या एका सकाळीसाठी आहे. ती सकाळ तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी अजून उजाडलेली नाही. तुमचा मोत्या खोकत असेल आणि तुम्ही त्याला हळद-गूळ चारत असाल. तुमचं मांजर धापत असेल आणि तुम्ही शेजारणीचं नाव घेत असाल. उठा, दवाखान्यात न्या. रक्ताचा एक थेंब काढायला वेळ लागत नाही. आणि जो अजून धडधाकट आहे, त्याला डॉक्टर सांगतील ती गोळी महिन्याच्या महिन्याला द्या. उपकार म्हणून नको, तुमच्या दारात आम्ही जागतो म्हणून द्या.

मला पाचवा महिना चाललाय. दुसऱ्या महिन्यात एक घोटाळा झाला. आकारामच्या मोटारसायकलचा आवाज वळणावरून आला आणि मला राहवलं नाही, मी पोत्यावरून उडी मारली. मग खोकला, नाकातून रक्त, आणि दोन दिवस श्वास पुरेना. म्हातारा त्या दोन दिवसांत जेवला नाही. तेव्हापासून तो वळणावरच गाडी बंद करतो आणि तिथून घरापर्यंत ढकलत आणतो. चढ आहे तो, आणि वय पासष्ट. लोक विचारतात, "काय हवालदार, पेट्रोल संपलं का?" तो मान खाली घालून म्हणतो, "न्हाई. माझं कुत्रं झोपलंय."

झोपलंय कसलं! टायरखालची खडी मला वळणापासून ऐकू येते, त्याच्या घामाचा वास त्याच्याआधी पोचतो. आताही येतोय तो. दम लागलाय त्याला, थांबत थांबत ढकलतोय. काळीज माझं उड्या मारतंय, आतल्या मेल्या-जित्या किड्यांसकट. राग आहे माझा त्याच्यावर, जाणार नाही तो. पण मी हनुवटी पोत्यावर दाबून धरलीय आणि डोळे मिटून घेतलेत, म्हणजे मी झोपलोय असं त्याला वाटेल.